वाचकांचे प्रश्न : वनातल्या दफनभूमीला भेट देताना

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथील स्कूग्सशिर्कोगोर्डेन, म्हणजे वनातली दफनभूमी, हिचा या सदरात जागतिक वारसास्थळांच्या निमित्ताने ओझरता उल्लेख झाला होता. त्यानंतर खानदेशातून बरीच पत्रे आली. कोणी तिकडे जाण्याच्या तयारीत आहे, कोणाला तिच्या रचनेविषयी कुतूहल आहे, आणि काही जणांना तो उल्लेख वाचून आपल्या गावचे स्मशान आठवले आहे. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त स्टॉकहोमला असतात. ऑक्टोबरअखेरीस आम्ही दोघे त्यांच्याकडे जाणार आहोत. ही दफनभूमी पाहिल्याशिवाय आम्हाला परत पाठवायचे नाही, असे मुलीने ठरवले आहे. आमच्या यजमानांना मात्र ते पटत नाही. स्मशान ही हौसेने पाहायला जाण्याची जागा नव्हे आणि गेलोच तर घरी येऊन डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय कशाला हात लावता येणार नाही, असे ते म्हणतात. शिवाय माझे गुडघे दुखतात. जावे की नाही, आणि गेल्यास काय पाहावे?
एक वाचक भगिनी, अमळनेर

उत्तर : जरूर जावे. आपल्या यजमानांची शंका मी आधी घेते, कारण ती मला गैर वाटत नाही. स्कूग्सशिर्कोगोर्डेन हे एखादे जुने, वापरात नसलेले स्मारक नाही. तेथे आजही अंत्यविधी होतात, दहन होते, अस्थी पुरल्या जातात, आणि आपण ज्या वाटेने फिरत असू त्याच वाटेने एखादे कुटुंब आपल्या माणसाला शेवटचा निरोप देऊन परतत असण्याची शक्यता असते. ही जागा हौसेची नव्हे, हे यजमानांचे म्हणणे म्हणूनच खरे आहे, आणि तीच जाणीव मनात ठेवून आत गेलेला पाहुणा तेथे कोणालाही परका वाटत नाही. बोलताना आवाज खाली असावा, समोरून अंत्यविधीची मंडळी आली तर वाट सोडून बाजूला उभे राहावे, शोकात असलेल्या माणसांची छायाचित्रे काढू नयेत, आणि कबरींवर ठेवलेली फुले किंवा दिवे यांना हात लावू नये. चॅपेलमध्ये, म्हणजे तेथल्या लहान प्रार्थनागृहात, विधी चालू असेल तर दार उघडे दिसले तरी आत डोकावू नये. स्वीडनमध्ये लोक दफनभूमीत शांतपणे फिरायला येतात, बाकावर बसतात, घरच्यांच्या कबरीजवळची पाने गोळा करतात, रोपांना पाणी घालतात. जिवंत माणसांचा तेथला वावर त्यांना अशुभ वाटत नाही.

स्नानाविषयी सांगायचे तर, आपल्याकडे अंत्ययात्रेहून परतल्यावर स्नान करण्याची रीत आहे आणि ती पाळण्यात कोणाला काही अडचण असण्याचे कारण नाही. मुलीच्या घरी परतून यजमानांनी स्नान केले तर त्यांचे मन निवांत होईल आणि जागाही पाहून होईल. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, त्यामुळे त्यावरून घरात वाद करू नये.

आता प्रत्यक्ष भेटीविषयी. शहराच्या मध्यवर्ती स्थानकावरून भुयारी रेल्वेच्या हिरव्या मार्गाने दक्षिणेकडे सुमारे पाव तासाचा प्रवास आहे आणि उतरायच्या स्थानकाला दफनभूमीचेच नाव आहे. स्थानकापासून मुख्य प्रवेशद्वार चालत जाण्याइतके जवळ आहे. दगडी भिंतींच्या मधून आत गेल्यावर समोर जे दिसते, त्याने बहुतेक नवखी माणसे थबकतात, कारण एक लाखाहून अधिक कबरी असलेल्या या भूमीत पहिल्या नजरेला कबरींची दाटी दिसतच नाही. दिसते ते सावकाश चढत गेलेले विस्तीर्ण हिरवे गवत, त्यावर मोकळे आकाश, डाव्या हाताला दगडी फरसबंदीची एक वाट, त्या वाटेच्या कडेने गेलेली लांब भिंत, आणि त्या सगळ्यात एकटा उभा असलेला काळ्या ग्रॅनाइटचा उंच क्रूस. या जागी घाई करू नये. पुढे काय काय पाहायचे आहे याची यादी मनात न घोळवता येथेच थोडा वेळ उभे राहावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण शोकात असलेल्या माणसाला सर्वांत आधी मोकळे आकाश दिसावे, असा विचार करून ही जागा घडवलेली आहे आणि तो विचार उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

उजव्या हाताला एक टेकडी आहे. तिच्या माथ्यावर एल्म वृक्षांनी वेढलेला एक चौकोन आहे आणि तेथे शांत बसण्याची सोय आहे. टेकडीवर चढणाऱ्या पायऱ्या हा आपल्यासाठी विशेष दिलाशाचा भाग ठरेल. खालच्या पायऱ्या नेहमीच्या उंचीच्या आहेत, पण वर जावे तशी प्रत्येक पायरीची उंची कमी कमी होत जाते, त्यामुळे चढणाऱ्याचा श्वास फुलण्याऐवजी मंदावत जातो आणि वर पोहोचलेला माणूस दमलेला नसतो. आप्ताला निरोप द्यायला आलेल्या वृद्ध माणसाचे पाय कसे असतील, याचा विचार शंभर वर्षांपूर्वी एका वास्तुकाराने पायरी आखताना केला, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

टेकडीवरून दक्षिणेकडे जंगलाला चिरत एक सरळ वाट जाते. सात झऱ्यांची वाट असे तिचे नाव असून तिची लांबी ८८८ मीटर आहे. सुरुवातीला दोन्ही बाजूंना भूर्जाच्या जातीची पांढऱ्या सालीची झाडे लागतात, मग पाइन, मग स्प्रूस, आणि झाडे बदलत जातील तसा उजेडही कमी होत जातो. वाटेच्या टोकाशी पुनरुत्थानाचे चॅपेल आहे. गुडघे साथ देत असतील तर ही वाट पूर्ण चालावी. देत नसतील तर गवताळ माळ, टेकडी आणि जंगलातले लहान चॅपेल एवढे पाहिले तरी भेट अपुरी राहिली असे वाटणार नाही. हे लहान चॅपेल म्हणजे पाइनच्या उंच खोडांमध्ये लपलेली, उतरत्या मोठ्या छपराची एक ठेंगणी इमारत आहे, आणि तिच्या छपरावर कार्ल मिलेस या शिल्पकाराचा मृत्यूचा देवदूत पंख उघडून बसला आहे. बाहेरून ती खेड्यातल्या घरासारखी साधी दिसते. आत मात्र घुमटाच्या माथ्यावरून उजेड उतरतो.

आपण ऑक्टोबरअखेरीस जात आहात, हा योग उत्तम आहे. स्वीडनमध्ये सर्व संतांचा दिवस ३१ ऑक्टोबर ते ६ नोव्हेंबर यांच्या दरम्यान येणाऱ्या शनिवारी पाळतात आणि त्या सुमारास संध्याकाळी हजारो लोक येथे येऊन आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात. तेव्हा तिकडे दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून उजेडात फिरायचे असेल तर सकाळीच निघावे, आणि दिवे पाहायचे असतील तर दुपारी जाऊन अंधार पडेपर्यंत थांबावे. अमळनेरच्या थंडीची सवय तेथे उपयोगी पडणार नाही. कानटोपी, हातमोजे आणि ओल्या पानांवर न घसरणारे बूट हवेत. जगप्रसिद्ध अभिनेत्री ग्रेटा गार्बो यांच्या अस्थीही येथेच आहेत. त्यांचे निधन १९९० मध्ये न्यूयॉर्कला झाले आणि १९९९ मध्ये त्यांच्या अस्थी येथे आणण्यात आल्या. त्यांची कबर पाहायला हरकत नाही, पण केवळ तीच शोधण्यात दिवस घालवू नये.

प्रश्न : मी वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी आहे. या दफनभूमीची छायाचित्रे पाहिली, पण त्यांत मला झाडे, गवत आणि काही साध्या इमारती यांखेरीज फारसे काही दिसले नाही. आपल्याकडच्या मंदिरांचे कोरीव काम पाहिलेल्या डोळ्यांना यात जागतिक वारसा म्हणण्याजोगे काय आहे, हे उलगडून सांगावे.
एक विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : छायाचित्रात ही जागा सापडत नाही, हे आपले निरीक्षण बरोबर आहे, आणि त्याचे कारण तिच्या रचनेतच आहे. ती एका जागी उभे राहून पाहण्यासाठी केलेली नसून चालत जाणाऱ्या माणसासाठी केलेली आहे. तीही साध्या चालीने जाणाऱ्या माणसासाठी नव्हे, तर आपले माणूस गमावून चालणाऱ्यासाठी.

विसाव्या शतकाच्या आरंभी स्टॉकहोम झपाट्याने वाढत होते आणि शहराला नव्या दफनभूमीची गरज होती. त्यासाठी १९१४-१५ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेण्यात आली आणि तीत गुन्नार आस्प्लुंड व सिगुर्ड लेवेरेन्त्स या दोघांचा संयुक्त आराखडा निवडला गेला. दोघांचाही जन्म १८८५ चा, म्हणजे त्या वेळी ते जेमतेम तिशीत होते. मिळालेली जमीन ही वाळू आणि खडी काढून झालेल्या खाणींची होती आणि तिच्यावर पाइनचे रान माजलेले होते. ती सपाट करून त्यावर नक्षीदार बाग उभी करणे हा त्या काळचा रुळलेला मार्ग होता. या दोघांनी खाणीचे खड्डे, उंचवटे आणि झाडे यांनाच आराखड्याचा आधार केले. जंगलात दफनभूमी ही कल्पना त्यांच्या आधीची आहे. जर्मनीत म्युनिक येथे हान्स ग्रेसेल यांनी आखलेली वनदफनभूमी १९०७ मध्ये सुरू झाली होती, आणि त्याहीआधी, १८३१ मध्ये, अमेरिकेत बोस्टनजवळ माउंट ऑबर्न ही वृक्षराजीतली दफनभूमी स्थापन झाली होती. स्टॉकहोमच्या रचनेत नवे होते ते हे की, येथे झाडे शोभेसाठी उरली नाहीत. चॅपेल, वाट, भिंत आणि वृक्ष या सगळ्यांना अंत्यविधीच्या क्रमात आपापले काम मिळाले.

हे प्रत्यक्ष कसे घडते ते पाहण्यासाठी लेवेरेन्त्स यांचे १९२५ मधले पुनरुत्थानाचे चॅपेल घ्यावे. लांब, काळोखत जाणाऱ्या वाटेने आलेली मंडळी उत्तरेच्या बाजूच्या स्तंभयुक्त मंडपातून आत शिरतात. आत दक्षिणेकडे एकच मोठी खिडकी आहे आणि तिच्यातून येणारा उजेड शवपेटीच्या दिशेने पडतो. विधी झाल्यावर मंडळी आल्या दाराने परत जात नाहीत. पश्चिमेच्या दाराने ती बाहेर पडतात आणि खालच्या पातळीवरच्या मोकळ्या जागेत येतात. ज्या दारातून आपण आपल्या माणसासह आत गेलो, त्याच दारातून त्याच्याशिवाय बाहेर येण्याची वेळ कोणावर येऊ नये, एवढी साधी गोष्ट त्या इमारतीच्या आराखड्यात आहे. अशी इमारत समजून घेण्यासाठी कोरीव कामाकडे पाहणारी नजर पुरत नाही. आत-बाहेर येण्याजाण्याचा क्रम, पायाखालचा चढ-उतार आणि उजेडाची दिशा यांकडे लक्ष द्यावे लागते.

आस्प्लुंड यांची वनदहनभूमी १९३५ ते १९४० या काळात बांधली गेली. श्रद्धा, आशा आणि पवित्र क्रूस अशी नावे असलेली तीन चॅपेले तीत आहेत. पहिल्या दोन चॅपेलांना स्वतंत्र अंगण आणि प्रतीक्षाकक्ष आहेत, त्यामुळे एका कुटुंबाचा विधी संपत असताना दुसरे कुटुंब त्याच्या समोर येऊन ताटकळत नाही. मोठ्या चॅपेलची जमीन शवपेटी ठेवण्याच्या जागेकडे अगदी हलकी उतरत जाते. त्याचे काचेचे आणि धातूचे प्रचंड दार जमिनीत खाली उतरवता येते, म्हणजे चॅपेल आणि बाहेरचा स्तंभमंडप एक होतात आणि बसलेल्या माणसांना माळ व आकाश दिसू लागते. हे काम पूर्ण झाले त्याच वर्षी, १९४० मध्ये, आस्प्लुंड वारले. त्यांच्या अस्थी त्यांनीच बांधलेल्या चॅपेलजवळ आहेत आणि तेथील शिळेवर त्यांचे कार्य जिवंत आहे अशा अर्थाचे शब्द कोरलेले आहेत.

एक गोष्ट मात्र आपण अभ्यासात विसरू नये. १९३० च्या दशकाच्या मध्यास दहनभूमीचे काम एकट्या आस्प्लुंड यांना देण्यात आले आणि वीस वर्षांचा सहकारी असलेले लेवेरेन्त्स बाजूला पडले. त्या दोघांच्या मैत्रीत त्यामुळे दुरावा आला. बऱ्याच ठिकाणी ही जागा एकट्या आस्प्लुंड यांच्या नावावर लिहिलेली आढळते, ते अन्यायाचे आहे. एल्मची टेकडी, तिच्या पायऱ्या, लांब सरळ वाट आणि तिच्या टोकाचे चॅपेल यांत लेवेरेन्त्स यांचा हात आहे, आणि हा भाग वगळला तर या भूमीचा अर्धा प्राण जाईल. युनेस्कोने १९९४ मध्ये तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, ते वास्तू आणि भूदृश्य यांच्या या एकजीव रचनेसाठी. जगभरातल्या पुढच्या दफनभूमींवर तिचा मोठा प्रभाव पडला आहे.

मंदिरांच्या कोरीव कामाशी तिची तुलना करून कोणाचेच भले होणार नाही. पण एखाद्या जुन्या मंदिरात महाद्वार, प्रांगण, सभामंडप आणि गर्भगृह यांतून जाताना उजेड कसा टप्प्याटप्प्याने कमी होतो आणि मन कसे आपोआप आत वळते, याचा अनुभव आपल्याला असेल, तर सात झऱ्यांच्या वाटेवर चालणाऱ्याला काय वाटत असेल हे आपण इथे बसूनही समजू शकाल.

प्रश्न : आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपण पितरांसाठी घागर भरतो, तसेच स्वीडनचे लोक आपल्या मृतांसाठी दिवे लावतात, असे ऐकले. माझ्या भावाचा मुलगा तिकडे शिकतो. त्याने त्या दिवशी तेथे जाऊन आपल्या आजोबांच्या नावाने दिवा लावला तर चालेल का? आणि आमच्यासारख्या, तिकडे कधीच जाणे न होणाऱ्या माणसांना जवळपास पाहण्यासारखे असे काही आहे का?
एक वाचक, शिरपूर

उत्तर : आपल्या पुतण्याने अवश्य दिवा लावावा. या भूमीत एक स्मरणवन आहे, जेथे अस्थी नाव न कोरता, नातेवाईक हजर नसताना पुरल्या जातात. नेमकी जागा घरच्यांनाही सांगितली जात नाही. तेथे फुले आणि मेणबत्त्या ठेवण्यासाठी एक सामाईक जागा राखलेली आहे. कोणाच्याही खासगी कबरीवर न ठेवता अशा सामाईक जागी मेणबत्ती लावून त्याने आजोबांचे स्मरण केले तर त्यात कोणाचा अनादर होत नाही. वाऱ्याने विझणार नाही अशी, काचेच्या किंवा झाकणाच्या डबीतली मेणबत्ती तेथील दुकानांत मिळते. तेलाची पणती नेऊ नये, कारण ती कलंडते आणि दगडावर डाग पडतात.

आखाजीशी आपण घातलेली सांगड मला आवडली. घागरीवर खरबूज ठेवून, आंब्याचा रस आणि सांजोऱ्यांचा नैवेद्य दाखवून खानदेशातले घर वैशाखाच्या उन्हात पितरांना पाणी देते. स्वीडनमधले घर वर्षातला सर्वांत काळोखा काळ सुरू होताना आपल्या मृतांना उजेड देते. ज्या ऋतूत ज्या गोष्टीची वाण असते, तीच आपल्या गेलेल्या माणसांना द्यावीशी वाटते, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

जवळपास पाहण्याविषयी विचारले आहे, तर आपल्या तालुक्यातले थाळनेरच आधी पाहावे. तापीकाठचे हे गाव फारुकी राजवटीची सुरुवातीची राजधानी होते आणि त्या घराण्यातल्या आरंभीच्या राजांच्या कबरी येथे आहेत. राजवटीचा संस्थापक मलिक राजा १३९९ मध्ये वारला. या समूहातली अष्टकोनी कबर आणि तिच्यावरचे नाजूक दगडी काम पाहण्यासाठी वेगळा वेळ काढावा. तेथे स्टॉकहोमसारखे वन नाही, सावली थोडी आहे, त्यामुळे हिवाळ्यात सकाळी जावे. मात्र आप्तांच्या कबरीजवळ ज्या अदबीने वागायचे, तीच अदब सहाशे वर्षांपूर्वीच्या कबरीजवळही असावी. दगडावर नाव कोरणे, कबरीवर बसून छायाचित्र काढणे, आवारात खाऊन कागद टाकणे हे होता कामा नये.

प्रश्न : आमच्या गावचे स्मशान तापीच्या काठी आहे. एक पत्र्याचे शेड आणि दोन ओटे, याखेरीज तेथे काही नाही. मे महिन्यात अंत्यविधीला आलेली म्हातारी माणसे उन्हात उभी असतात आणि श्रद्धांजलीची भाषणे होईपर्यंत काहींना भोवळ येते. मी ग्रामपंचायतीत सदस्य आहे. स्टॉकहोमसारखे काही आमच्याकडे करणे शक्य आहे का? कोणती झाडे लावावीत?
एक ग्रामपंचायत सदस्य, चोपडा तालुका

उत्तर : आपले पत्र मला सर्वांत मोलाचे वाटले. स्टॉकहोमची नक्कल करू नये. तेथे पाइन आहे म्हणून आपल्याकडे सुरू किंवा अशोकाच्या रांगा लावल्या तर दिसायला हिरवे होईल, सावली मात्र मिळणार नाही. घ्यायचे असेल तर आस्प्लुंड आणि लेवेरेन्त्स यांनी केलेला पहिला विचार घ्यावा, आणि तो म्हणजे अंत्यविधीला आलेला माणूस कोठून येतो, कोठे थांबतो, किती वेळ उभा राहतो आणि कोणत्या वाटेने परत जातो, हे आधी पाहणे. आपण एक-दोन अंत्यविधींच्या वेळी हेच लक्षपूर्वक पाहावे. शेवटचा विसावा कोठे घेतला जातो, खांदेकऱ्यांना वळायला किती जागा लागते, सरणाची लाकडे कोठून आणली जातात, अग्निडाग दिल्यावर मंडळी कोणत्या बाजूला सरकतात, हात-पाय धुवायला पाणी कोठे असते, हे कागदावर उतरवल्यावर झाडांच्या जागा जवळपास आपोआप ठरतील.

लोक सर्वांत जास्त वेळ थांबतात ती जागा पहिली. चितेपासून धग आणि धूर लागणार नाही एवढ्या अंतरावर, गावातल्या वाऱ्याची दिशा ओळखून, ओट्याच्या वाऱ्याकडच्या अंगाला वड, पिंपळ, चिंच आणि कडुनिंब यांचे एक दाट झाडोरे उभे करावे आणि त्याखाली दगडी बैठका बांधाव्यात. वडाला आणि पिंपळाला पसरायला भरपूर जागा ठेवावी, बांधकामाजवळ लावू नये, कारण त्यांची मुळे ओटे आणि भिंती फोडतात. गावाकडून येणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना करंज आणि कडुनिंब लावावा. करंज लवकर सावली धरतो आणि त्याला गुरे सहसा तोंड लावत नाहीत. नदीच्या बाजूला, जेथे ओल टिकते, तेथे अर्जुनसादडा चांगला येतो. जमीन मुरमाड, उथळ असेल तर आपल्याच सातपुड्यातला अंजन लावावा. तो हळू वाढतो, पण आपल्या उन्हाला तो पुरून उरतो. गुलमोहर टाळावा असे माझे मत आहे. त्याचे लाकूड ठिसूळ असते, वादळात फांद्या मोडतात, आणि ज्या दिवसांत सावली सर्वांत जास्त हवी त्या वैशाखाच्या सुरुवातीला त्याची पाने गळालेली असतात. निलगिरीही येथे नको.

तापीकाठची जमीन म्हणून दोन गोष्टी पक्क्या तपासाव्यात. हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर पाणी कोठवर चढते, ते गावातली जुनी माणसे बोट ठेवून दाखवतील. त्या रेषेच्या खाली बैठका आणि भिंती बांधू नयेत, फक्त पाण्यात उभी राहू शकणारी झाडे लावावीत. दुसरे म्हणजे, स्मशानाची जागा कागदोपत्री किती आहे आणि कोणाच्या नावे आहे, हे तलाठ्याकडून पाहून, तिच्या हद्दी कायम करून घ्याव्यात. बऱ्याच गावांत प्रत्यक्ष वहिवाट एका जागेवर आणि नोंद दुसऱ्या जागेवर असते, आणि झाडे मोठी झाल्यावर वाद उभा राहतो.

पैशाविषयी सांगायचे तर, स्मशानभूमी आणि दफनभूमी यांची कामे जिल्हा परिषदेकडून ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या जनसुविधा अनुदानातून करता येतात, आणि वृक्षलागवड रोजगार हमीतून करता येते. रोपांसाठी सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकेत चौकशी करावी. या सगळ्यासाठी ग्रामसभेचा ठराव आधी हवा. मात्र खरी अडचण रोपे लावण्यात कधीच नसते, ती जगवण्यात असते. पहिला चांगला पाऊस झाल्यावर, शक्य तर पुरुषभर उंचीची दोन वर्षांची रोपे लावावीत. भोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण करावे आणि पुढचे तीन उन्हाळे पाण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरावातच लिहून घ्यावे. केळीच्या बागा ठिबकवर वाढवणाऱ्या आपल्या तालुक्यात जुन्या नळ्या मिळवणे अवघड नाही. स्मशानासाठी घेतलेल्या बोअरवरून एक नळी वाटेच्या कडेने टाकली तर रोपांचे भागेल आणि तोंडावर पाणी घ्यायलाही एक तोटी निघेल.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. स्टॉकहोमच्या त्या रानात पाइनखाली उभ्या असलेल्या शिळा सहसा लहान आणि साध्या आहेत, कारण कोणाचे स्मारक इतरांच्या डोक्यावर उठून दिसू नये, असे तेथले नियम आहेत. आपल्याकडे काही गावांत समाजागणिक स्मशानाच्या जागा वेगळ्या असतात, आणि लिंगायत, गोसावी, मुस्लिम, ख्रिस्ती बांधवांची दफनाची जागा आणखी वेगळी असते. रीती वेगळ्या असल्या म्हणून जागा वेगळी लागते हे समजण्यासारखे आहे. पण वाट, पाणी, सावली आणि बसायची जागा यांत फरक राहू नये. आपला ठराव एका स्मशानापुरता न करता गावातल्या सर्व दहनभूमी आणि दफनभूमी यांच्यासाठी करावा, आणि रोपे लावण्याचे काम जेथे आज काहीच सोय नाही त्या जागेपासून सुरू करावे. तापीकाठच्या ओट्यांना निदान पत्र्याचे शेड तरी आहे. इतर ठिकाणी काय आहे, ते जूनच्या आत एकदा फिरून पाहावे, म्हणजे याच पावसाळ्यात तेथे खड्डे घेता येतील.